गुन्हेगारी : एका शब्दाचा आणि एका रकान्याचा इतिहास

'गुन्हेगारी' हा शब्द मोल्सवर्थच्या कोशात काढून पाहिला, तर आज आपल्याला जो अर्थ एकमेव वाटतो तो तेथे मुख्य म्हणून आढळत नाही. तेथे गुन्हेगारी म्हणजे गुन्ह्याबद्दल घेतलेला दंड. या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा अर्थ जिवंत होता असे मानण्यास हरकत नाही. पेशवाईतील हिशेबाच्या कागदांतून वावरलेल्या अभ्यासकास त्याचे नवल वाटणार नाही. महालाच्या जमेत गुन्हेगारी ही एक बाब असे. ती घेतली जाई, माफ होई, तहकूब होई, हप्त्याने वसूल होई. आज वर्तमानपत्रात 'शहरात गुन्हेगारी वाढली' असे वाक्य येते. अठराव्या शतकातील एखाद्या कारकुनाने ते वाचले असते, तर सरकारची जमा वाढली एवढाच बोध त्याने घेतला असता. आणि वाक्य काळजीच्या सुरात का लिहिले आहे, हे त्याला कळले नसते.

प्रस्तुत लेखाचा विषय पोलिसी आकडेवारी हा आहे. तो मूळचा भाषाभ्यासकाचा विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु आकडा हा शेवटी एका शब्दाची मोजणी असतो. 'चोरी' या मथळ्याखाली किती रेघा ओढल्या हे सांगण्यापूर्वी, कोणत्या घटनेस चोरी म्हटले आणि कोणत्या घटनेस म्हटले नाही, हे कोणीतरी ठरवलेले असते. हा निर्णय ठाण्याच्या टेबलावर, मराठीत होतो. तेव्हा या प्रश्नात शब्दाचा माग काढणाऱ्याने डोकावण्यास फारशी हरकत नसावी.

मूळ फारसी शब्द 'गुनाह' याचा अर्थ पाप. मराठीने तो उचलला तेव्हा पापाचा अर्थ मागे पडला आणि राजसत्तेचा अपराध हा अर्थ पुढे आला. गुन्हा करणारा तो गुन्हेगार. आणि गुन्हेगाराकडून घ्यावयाची ती गुन्हेगारी. या रचनेतून एक गोष्ट स्पष्ट होते. त्या काळी नोंद होई ती घटनेची नव्हे, वसुलीची. दंडाची रक्कम कृत्याच्या गांभीर्याइतकीच अपराध्याच्या ऐपतीवर ठरत असे. त्यामुळे जारकर्माबद्दल एखाद्या सधन कुटुंबाकडून घेतलेली मोठी रक्कम हिशेबात ठळक दिसते, आणि ज्याच्याकडून काहीच मिळण्यासारखे नव्हते त्याचा अपराध कागदावर उतरतच नाही. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या रोजनिशीतील उतारे चाळून 'पेशवाईत व्यभिचार फार होता' किंवा 'चोऱ्या अगदीच थोड्या होत्या' असे निष्कर्ष काढणारे लेखक अधूनमधून भेटतात. ते जमाखर्चाच्या वहीला गुन्ह्यांची नोंदवही समजतात, एवढेच त्यांच्याबद्दल म्हणता येईल.

चोरीच्या बाबतीत आणखी एक व्यवस्था होती आणि ती आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. गावात चोरी झाली, की रामोशी, जागल्या, महार या वतनदार रखवालदारांनी चोराच्या पावलांचा माग काढावयाचा. माग शिवेपलीकडे गेला, की तो पुढच्या गावाच्या रखवालदारांच्या हवाली करावयाचा, आणि मग जबाबदारी त्या गावाची. माग जेथे हरवला त्या गावाने चोर तरी हजर करावा किंवा मालाची भरपाई तरी करावी, असा संकेत होता. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात दख्खनच्या ग्रामव्यवस्थेचे जे वर्णन केले आहे त्यात रखवालदारांच्या या जबाबदारीची दखल आहे. ही पद्धत गुन्हा शोधण्याची म्हणून वाखाणली जाते, आणि ते योग्यच आहे. पण तिची दुसरी बाजू अशी, की माग आपल्या शिवेच्या बाहेर नेऊन सोडण्यात प्रत्येक गावाचा स्वार्थ होता. गुन्हा आपल्या हद्दीत 'राहू' नये ही धडपड इंग्रजी अमलाने निर्माण केली असे कोणी समजू नये. हद्दीचा वाद पोलीस ठाण्यापेक्षा जुना आहे.

आता रकान्याकडे वळू. १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या कायदेसंग्रहात पोलीस व फौजदारी न्याय यांची स्वतंत्र प्रकरणे होती. पण ज्याला आपण गुन्ह्यांची आकडेवारी म्हणतो तिला आवश्यक असणारी सामग्री १८६० नंतरच्या दशकात एकत्र आली. भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिने प्रत्येक अपराधास व्याख्या दिली आणि क्रमांक दिला. १८६१ मध्ये फौजदारी प्रक्रियेची संहिता आणि पोलीस अधिनियम आले. मुंबई इलाख्याने १८६७ मध्ये जिल्हा पोलिसांसाठी आणि ग्रामपोलिसांसाठी स्वतःचे दोन वेगळे कायदे केले. व्याख्या, क्रमांक आणि नोंदणारा अधिकारी या तिन्ही गोष्टी हाती आल्यावर तक्ते तयार होऊ लागले. इलाख्याच्या वार्षिक पोलीस अहवालांतून घडलेले गुन्हे, शाबीत झालेले गुन्हे, चोरीस गेलेला माल आणि परत मिळविलेला माल अशा जोड्या मांडून त्यांची टक्केवारी काढण्याचा प्रघात पडला. गुन्हेगारी ही जमेची बाब होती ती आता घटनांची बेरीज झाली. शब्द तोच राहिला. त्याचा अर्थ नेमका कोणत्या वर्षी पालटला हे सांगता येणार नाही. पण तो पालटला तो याच तक्त्यांच्या काळात, याविषयी मला शंका वाटत नाही.

या सर्व यंत्राचे दार म्हणजे ठाण्यात दिलेली पहिली खबर. १८६१ च्या संहितेतील १३९ वे कलम, पुढे १८८२, १८९८ आणि १९७३ च्या संहितांतील १५४ वे कलम, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १७३ वे कलम अशी तिची वंशावळ आहे. खबर मिळाली की ती लिहून घ्यावी, हे तत्त्व या सर्वांत समान आहे. १९७३ पर्यंतच्या संहितांनी मात्र अपराधांचे दोन वर्ग पाडले आणि तीच विभागणी आजही चालू आहे : वॉरंटाशिवाय अटक करता येते ते दखलपात्र, आणि येत नाही ते अदखलपात्र. येथे भाषेने एक गंमत केली आहे. 'दखल' आणि 'दाखल' हे एकाच अरबी धातूपासून आलेले शब्द. मूळ अर्थ आत शिरणे. गुन्हा दखलपात्र असेल तरच तो दाखल होतो. अदखलपात्र असेल तर त्याची 'नोंद' होते, ती वेगळ्या वहीत. फिर्यादीस त्या नोंदीची प्रत मिळते आणि न्यायालयात दाद मागण्याची समज दिली जाते. लोक तिला 'एन. सी.' म्हणतात. ठाण्यातून बाहेर पडताना दोघांच्याही हातात कागद असतो. पण एकाचा कागद राज्याच्या तक्त्यात जातो आणि दुसऱ्याचा तेथेच थांबतो. 'मी पोलिसांत तक्रार केली' हे वाक्य दोघेही सारख्याच विश्वासाने उच्चारतात.

या दोहोंमधील भिंत कोठे आहे ते दुखापतीच्या उदाहरणावरून दिसते. हाताने मारहाण करून केलेली साधी दुखापत अदखलपात्र. तीच शस्त्राने केली तर दखलपात्र. हाड मोडले, दात पडला, तर ती गंभीर दुखापत. आणि काहीच मोडले नाही, पण जखमी मनुष्य वीस दिवस तीव्र वेदनेत राहिला किंवा आपला नित्यव्यवसाय करू शकला नाही, तरीही ती गंभीर. नव्या न्यायसंहितेने या वीस दिवसांचे पंधरा केले आहेत. म्हणजे ३० जून २०२४ रोजी जी इजा साधी होती ती दुसऱ्या दिवशी, मार तेवढाच असूनही, गंभीर होऊ शकली. फिर्यादीत 'काठीने' लिहिले की 'हाताबुक्क्यांनी' लिहिले, या एका तृतीयान्त पदावर एक घटना तक्त्याच्या आत किंवा बाहेर जाते.

मालाविषयीच्या गुन्ह्यांतही अशीच उतरंड आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी हा दरोडा. चार जणांनी केली तर ती नुसती जबरी चोरी. आणि जबरीचा भाग फिर्यादीत नीट उतरला नाही, तर ती साधी चोरी. रात्री तोंडे बांधून आलेल्या माणसांची संख्या घाबरलेल्या घरमालकास नेमकी सांगता येत नाही, आणि 'चार-पाच जण' हे मराठीतील सर्वांत स्वाभाविक उत्तर होय. या जोडशब्दातील कोणता आकडा घ्यावा हे लिहिणारा ठरवितो. दरोड्यांची संख्या हा जिल्ह्याच्या शांततेचा मानदंड समजला जात असल्याने तो आकडा कोणत्या बाजूस झुकत असेल, याचा तर्क वाचकांनीच करावा. उलट बाजूचे उदाहरण १८७९ चे आहे. वासुदेव बळवंत फडके यांच्या स्वाऱ्या सरकारी लेखी दरोडे म्हणून नोंदल्या गेल्या. खटल्यात मात्र सरकारला राजद्रोहाची आणि राज्याविरुद्ध युद्धाच्या सिद्धतेची कलमे हवी होती. त्याच कृत्यांना पोलिसांच्या कागदात एक नाव आणि न्यायालयात दुसरे, ही स्थिती फडक्यांपुरती मर्यादित नाही.

मला सर्वांत अधिक विचार करावयास लावते ती फिर्यादीची भाषा. २०१६ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने नाजूक प्रकरणे वगळता प्रथम खबरीचा अहवाल चोवीस तासांच्या आत संकेतस्थळावर ठेवण्याचा आदेश दिला. तेव्हापासून पोलिसी मराठीचा एवढा मोठा संग्रह अभ्यासकांस खुला झाला आहे, की कोणत्याही बोलीचा तेवढा संग्रह आपल्यापाशी नाही. आणि आपण त्याकडे पाहिलेले नाही. फिर्याद प्रथमपुरुषी असते. 'मी' बोलतो, वय, धंदा, राहणार सांगतो, समक्ष ठाण्यात हजर राहतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासून हा 'मी' असे बोलू लागतो, की जसे कोणी मी बोलत नाही. कोणीतरी अज्ञात इसमाने लबाडीच्या इराद्याने, संमतीशिवाय, स्वतःच्या फायद्याकरिता माल चोरून नेला. शेतमजूर स्त्रीच्या तोंडीही हेच शब्द, प्राध्यापकाच्या तोंडीही हेच. या शब्दांचा उगम शोधण्यास लांब जावे लागत नाही : ते दंडसंहितेतील चोरीच्या व्याख्येचे घटक आहेत, एकामागून एक ओवलेले. लिहून घेणारा हवालदार आपल्या मनाने काही भर घालतो असे नव्हे. प्रत्येक घटक उतरला नाही तर कलम लागू होणार नाही, ही भीती त्याला असते. 'इसम' हा शब्द तर विशेष लक्षणीय आहे. अरबीत 'इस्म' म्हणजे नाव. ज्याचे नाव ठाऊक नाही त्याला आमचे पोलीस 'अज्ञात इसम' म्हणतात, म्हणजे शब्दशः अज्ञात नाव. आणि मराठीच्या अंगवळणी पडलेला हा प्रयोग अगदी बिनचूक आहे.

आता क्रियापदाकडे पाहा. 'चोरून नेले' हे सकर्मक. त्यास कर्ता लागतो, मग तो अज्ञात का असेना. 'चोरीस गेले' यात कर्ता दिसत नाही, पण कृत्य आहे. 'हरवले' यात कृत्यही नाही. आणि 'गहाळ झाले' हा प्रयोग तर वस्तूच्या निष्काळजी मालकाकडेच हळूच बोट दाखवितो. कर्ता असेल तर गुन्हा, कर्ता नसेल तर दाखला. ठाण्याच्या पातळीवर आकडेवारी घडते ती येथे, क्रियापदाच्या निवडीत. वैयाकरणास जो फरक प्रयोगाचा वाटतो तो तपासाच्या दृष्टीने असण्या-नसण्याचा फरक आहे; कारण गहाळ झालेल्या वस्तूचा तपास करावा लागत नाही, आणि न लागलेला तपास महिनाअखेरच्या आढाव्यात कोणी विचारीत नाही.

येथे एक घरगुती गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांची कातडी पिशवी एका बसस्थानकावर गर्दीत दोघांनी हिसकावून नेली. पिशवीत पेन्शनचे पुस्तक, बँकेची कागदपत्रे आणि थोडीफार रक्कम होती. वडील शाळेत आयुष्यभर मराठी शिकविलेले गृहस्थ; त्यांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहून नेला, त्यात 'हिसकावली' असे स्वच्छ लिहिले. ठाण्यातील अंमलदार सज्जन होता. त्याने त्यांना बसावयास खुर्ची दिली, चहा दिला, आणि समजावून सांगितले, की बाबा, तुम्हाला कागदपत्रांच्या दुय्यम प्रती हव्यात ना, मग गहाळ लिहा. अर्ध्या तासात दाखला देतो. हिसकावली लिहाल तर पंचनामा, जबाब, हेलपाटे. वडिलांनी लिहिले. घरी आल्यावर मात्र ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. पैशाचे दुःख त्यांना नव्हते. 'आयुष्यात पहिल्यांदा खोटे वाक्य लिहून खाली सही केली' एवढेच ते आईपाशी म्हणाले. त्या वर्षीच्या जबरी चोऱ्यांच्या संख्येत त्यांची एक कमी आहे. तशा आणखी किती कमी असतील याचा हिशेब मला करता येत नाही, पण तेव्हापासून तो आकडा मला पूर्वीसारखा वाचता येत नाही, हे खरे.

या दडपणुकीस हिंदुस्थानच्या पोलीसखात्याच्या इंग्रजीत 'बर्किंग' असा शब्द रूढ आहे. एडिंबरा येथे १८२८ मध्ये माणसे गुदमरवून मारून त्यांची प्रेते शरीरशास्त्राच्या शिक्षकांस विकणाऱ्या बर्क नावाच्या खुन्यावरून तो आला. अंगावर खूण न ठेवता गळा दाबणे हा त्याचा मूळ भाव. मराठीने या शब्दास प्रतिशब्द केला नाही. भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला, फौजदाराचा पोलीस उपनिरीक्षक झाला. पण या एका क्रियेस नाव देण्याची निकड कोणास वाटली नाही. ठाण्यातील बोलीत 'मिटविले', 'समजावून परत पाठविले' असे मवाळ प्रयोग आहेत तेवढेच.

हा दोष नवा नाही आणि तो गुपितही नाही. लॉर्ड कर्झनच्या काळात, १९०२ मध्ये, सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पोलीस आयोगाने तो तपशिलाने मांडला होता : अधिकाऱ्याची लायकी जर शेकडेवारीवरून ठरवाल, तर शेकडेवारी चांगली दिसेल अशाच रीतीने तो नोंदी करील. १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगालाही गुन्हे न नोंदण्याच्या प्रवृत्तीचा परामर्श घ्यावा लागला. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदणे बंधनकारक आहे, त्यात अधिकाऱ्यास निवड नाही, असे ठरविले. वैवाहिक तंटे, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय हलगर्जीपणा अशा काही वर्गांत मात्र मर्यादित प्राथमिक चौकशीस मुभा ठेवली. त्याच निकालपत्रात असे म्हटले आहे, की २०१२ मध्ये देशात सुमारे साठ लाख दखलपात्र गुन्हे नोंदले गेले, आणि न नोंदलेल्यांची संख्याही तितकीच असावी. सर्वोच्च न्यायालय नोंदलेल्या प्रत्येक गुन्ह्यामागे एक न नोंदलेला धरते, ही गोष्ट आमच्या समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र विभागांतील प्रबंधांत, जेथे हे आकडे दशांशचिन्हापुढील दोन स्थळांपर्यंत वापरले जातात, क्वचितच दिसते.

नोंदलेल्या गुन्ह्याचे पुढे काय होते, त्याची मुंबई इलाख्यातील परिभाषा इतर प्रांतांहून वेगळी आहे. तपासाअंती आरोपपत्र पाठविता आले नाही, तर पोलीस न्यायदंडाधिकाऱ्याकडे 'समरी' मागतात. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही वा पुरावा मिळाला नाही. ब समरी म्हणजे फिर्याद द्वेषबुद्धीने केलेली खोटी. क समरी म्हणजे खरीही नाही आणि खोटीही नाही; वस्तुस्थितीच्या गैरसमजातून, किंवा दिवाणी स्वरूपाच्या व्यवहारातून आलेली. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यास या तिसऱ्या वर्गाचे कौतुक वाटावे. परंतु ब आणि क यांमधील अंतर फिर्यादीच्या दृष्टीने फार मोठे असते. एक तिला लबाड ठरवितो, दुसरा चुकलेली ठरवितो. बलात्काराच्या किंवा जातीय अत्याचाराच्या 'खोट्या' फिर्यादींचे प्रमाण सांगताना पुष्कळदा हे दोन्ही वर्ग एकत्र धरले जातात, आणि मग सभांतून, अग्रलेखांतून तो आकडा फिरू लागतो. तक्त्यात ते रकाने वेगळे असतात. वाचणाऱ्याने ते वेगळे ठेविले पाहिजेत. शिवाय पुरावा न मिळणे आणि फिर्याद खोटी असणे या दोन गोष्टी अगदी भिन्न आहेत, हे अ समरीच्या अस्तित्वानेच मान्य केले आहे.

राष्ट्रीय पातळीवर 'क्राइम इन इंडिया' हा वार्षिक ग्रंथ १९५३ च्या आकड्यांपासून निघत आहे. १९८६ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाल्यावर ते काम त्याच्याकडे आले. राज्यासाठी पुण्याचा राज्य गुन्हे अन्वेषण विभाग आपला ग्रंथ काढतो. यांतील एक नियम सर्वांनी ध्यानात ठेवावा असा आहे. एका खबरीत अनेक अपराध असले, तर मोजणीत सर्वांत गंभीर असा एकच धरतात. स्त्रीवर बलात्कार करून तिचा खून केला, तर तो खून. अशा मोजणीने दुहेरी गणना टळते हे खरे. पण जी गणना एकदाही होत नाही तिचे काय, हा प्रश्न उरतो. तसेच हे आकडे पोलिसांच्या नोंदीचे आहेत, न्यायालयाच्या निर्णयाचे नव्हेत. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आरोपपत्रात अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे होती. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आठ जणांस दोषी ठरविले, पण ती कलमे शाबीत मानली नाहीत, आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही तेच मत कायम ठेविले. या घटनेस जातीय अत्याचार म्हणावयाचे की नाही, या प्रश्नाला एकाच राज्याच्या दोन अंगांनी दोन उत्तरे दिली. कोणत्या तक्त्यातून कोणते उत्तर आपण उचलतो हे संशोधकाने सांगितले पाहिजे. केरळात गुन्ह्यांचे दर लाख लोकसंख्येमागील प्रमाण नेहमी वरच्या क्रमांकावर दिसते. त्यावरून तेथील समाज अधिक गुन्हेगार आहे असे कोणी जाणता मनुष्य म्हणत नाही. तेथे लोक ठाण्यात जातात आणि ठाणे लिहून घेते.

महाराष्ट्रातील ठाण्यांत गुन्ह्यांच्या नोंदीचे 'भाग एक ते पाच' आणि 'भाग सहा' असे जे गट आहेत, त्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. पहिल्या गटात दंडसंहितेखालील गुन्हे येतात. त्यांत फिर्यादी असतो. सहाव्या भागात दारूबंदी, जुगार यांसारखे विशेष कायदे. त्यांत बहुधा फिर्यादी सरकार. १८८७ चा जुगारबंदीचा आणि १९४९ चा दारूबंदीचा कायदा यांखालील संख्या ही पोलिसांनी घातलेल्या छाप्यांची संख्या असते. एखाद्या वर्षी ती दुप्पट झाली, तर दारू दुप्पट गाळली गेली असे नव्हे. भाग एक ते पाचचा आकडा कमी आणि भाग सहाचा आकडा जास्त, असे ज्या ठाण्याचे वार्षिक चित्र असते ते प्रशंसेस पात्र ठरते. आणि हे दोन्ही आकडे ठाण्याच्याच हातचे असतात.

गावाकडे या चित्रात आणखी एक रंग मिसळला. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे सामोपचाराने मिटवावेत, नवे उद्भवू देऊ नयेत, आणि यशस्वी गावास शासनाने पारितोषिक द्यावे, अशी योजना. तडजोड करता न येणारे गंभीर गुन्हे तिच्या कक्षेबाहेर होते, आणि बांधाचे, वाटणीचे कित्येक जुने वाद तिच्यामुळे खरोखर मिटले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मारहाण झालेल्या सुनेने किंवा पाणवठ्यावर अपमानित झालेल्या माणसाने ठाण्याची पायरी चढली तर गावाचे पारितोषिक जाते, ही जाणीव गावात असताना तिच्यावर काय दडपण येत असेल, ते समितीच्या इतिवृत्तात सापडणार नाही. माग शिवेबाहेर नेऊन सोडणाऱ्या त्या जुन्या रखवालदाराची येथे आठवण होते.

आपल्या शास्त्राच्या वाट्याला आलेला एक दोषही येथे नमूद केला पाहिजे. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ च्या सुधारणेने मुंबई इलाख्यात लागू झाला आणि १९५२ मध्ये देशभर रद्द झाला. १९०८ मध्ये इलाख्याचे पोलीस महानिरीक्षक केनेडी यांनी गुन्हेगार म्हणून गणलेल्या वर्गांविषयी जे पुस्तक लिहिले, त्यात जमातीगणिक बोलीची वैशिष्ट्ये आणि सांकेतिक शब्द नोंदले आहेत, आणि ते ओळख पटविण्याचे साधन म्हणून. ग्रियर्सनच्या भाषापाहणीचा अकरावा खंड, १९२२ चा, भटक्यांच्या बोलींना वाहिलेला आहे. त्यातही हा गुन्ह्याचा वास पूर्णपणे गेलेला नाही. नोंदणी झालेल्या माणसाने हजेरी चुकविली की तो गुन्हा. तो गुन्हा त्याच्या जमातीच्या नावे मोजावयाचा. आणि त्या मोजणीवरून जमात गुन्हेगार असल्याचे सिद्ध करावयाचे, असे हे चक्र होते. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहतीत मुले जन्मली ती या चक्राच्या आतच. एखादी बोली बोलणे हा संशयाचा पुरावा ठरला, आणि तो पुरावा गोळा करण्याची पद्धत भाषाशास्त्राची होती. विद्यार्थ्यांना तो खंड वाचावयास देताना मी हे सांगतो. पुष्कळांना ते अप्रस्तुत वाटते.

शेवटी १ जुलै २०२४ च्या बदलाविषयी. त्या दिवशी दंडसंहितेचे क्रमांक गेले. तीनशे दोन, चारशे वीस हे आकडे मराठीत विशेषणे आणि शिव्या होऊन बसले होते; आता खून १०३ आणि फसवणूक ३१८ झाली आहे, पण कोणी कोणास 'तीनशे अठरा' म्हणेल असे वाटत नाही. शब्दसंपदेत जुना क्रमांक राहील, कागदावर नवा. खबर विद्युत्साधनांनी पाठविण्याची सोय झाली, मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही केली पाहिजे. तीन वर्षांहून कमी नाही पण सात वर्षांच्या आत, अशी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत वरिष्ठाच्या परवानगीने चौदा दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करता येते. आणि पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या मालाची पहिलीच चोरी असेल व माल परत केला असेल, तर समाजसेवेची शिक्षा असून, परिशिष्टात तो अपराध अदखलपात्र दाखविला आहे. चोर प्रथमच चोरी करीत आहे आणि माल परत करणार आहे, हे फिर्याद लिहितेवेळी कोणास कळणार, याचा उलगडा परिशिष्ट करीत नाही. ठाण्यात दिसते ती फक्त किंमत. सायकल, घरातील भांडी, शेतावरचा पंप, परकर-चोळीच्या गाठीत बांधलेले दोन हजार रुपये, हे सर्व त्या मर्यादेच्या आसपासचे. तेव्हा २०२४ पूर्वीच्या आणि नंतरच्या चोऱ्यांचे आकडे शेजारी मांडून आलेख काढू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने आधी दोन-चार ठाण्यांतील अदखलपात्र नोंदींची वही पाहावी, आणि त्या वहीत मालाची किंमत कोणत्या अक्षरात, कोणी सांगितल्यावरून लिहिली आहे, तेही पाहावे.